हवेचा हिशोब ठेवणाऱ्या अण्णा मणी



वार्तापत्राच्या या सदरात आम्ही दर खेपेस एका दिवंगत थोर व्यक्तीची ओळख करून देत असतो. संत, समाजसुधारक आणि स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे आपण वाचतच असतो. या वेळी एका शास्त्रज्ञ बाईंचे चरित्र घेतले आहे. त्यांचे नाव अण्णा मणी. हे नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे धोतर-कोटातले एखादे अण्णा उभे राहिले असतील तर नवल नाही! पण हे नाव केरळमधल्या एका ख्रिस्ती घरातल्या मुलीचे आहे. आपल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मणीबाई म्हणू.

चरित्राकडे वळण्याआधी एक प्रश्न. हिवाळ्यात दिल्ली-कानपूरकडे जे दाट धुरके पसरते त्याची उपग्रहाने टिपलेली चित्रे तुम्ही वर्तमानपत्रात पाहिली असतील. हवेत तरंगणारे धुळीचे, धुराचे, मिठाचे जे बारीक कण असतात त्यांना एरोसॉल म्हणतात. ते किती आहेत हे उपग्रह सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून सांगतो. त्याने दिलेला आकडा बरोबर कशावरून? आपल्या सराफ्यातल्या सोनाराचा काटा कितीही चकचकीत असला तरी वजनमापे खात्याचा शिक्का असल्याशिवाय आपण त्यावर सोने तोलू देत नाही. तसा उपग्रहाच्या काट्यावर शिक्का कोण मारते? उत्तर साधे आहे. जमिनीवर उभे असलेले, नीट तपासलेले एक लहानसे यंत्र. आपल्या देशात अशी यंत्रे तयार करण्यात आणि त्यांचे आकडे भरवशाचे ठेवण्यात मणीबाईंचे आयुष्य गेले.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानात, पीरमेडे या डोंगराळ गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत मणीबाई सातव्या. घरच्या रिवाजाप्रमाणे मुलीच्या आठव्या वाढदिवशी तिला हिऱ्याच्या कुड्या मिळत. या मुलीने कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी ब्रिटानिका ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले. (पालकांनी ही ओळ दोनदा वाचली तरी आमची हरकत नाही.) १९२५ मध्ये वायकोम सत्याग्रहाच्या वेळी गांधीजी त्या भागात आले होते. त्यांचा प्रभाव मणीबाईंवर पडला आणि त्या खादी वापरू लागल्या.

डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात होते. पण भौतिकशास्त्र चांगले जमत होते, म्हणून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी त्याच विषयात पदवी घेतली. १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

लहानपणी नाकारलेले हिरे तिथे त्यांच्या हाती आले! रामन त्या काळी हिऱ्यांच्या अभ्यासात गढलेले होते. मणीबाईंनी तीसहून अधिक हिऱ्यांमधून निघणाऱ्या आणि शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाचे वर्णपट घेतले. काम चिकाटीचे होते. हिरा द्रवरूप हवेच्या थंडाव्यात ठेवायचा आणि अतिशय मंद प्रकाश फोटोच्या काचेवर उमटावा म्हणून पंधरा-पंधरा, वीस-वीस तास वाट पाहायची. कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पाचही त्यांच्या एकटीच्या नावावर. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला.

ती पदवी त्यांना मिळाली नाही. संस्थेतल्या कामाला पदवी देण्याचा अधिकार त्या वेळी मद्रास विद्यापीठाकडे होता, आणि मणीबाईंकडे एम.एस्‌सी.ची पदवी नाही या कारणावरून विद्यापीठाने नकार दिला. ऑनर्सची पदवी आणि पाच निबंध असूनही नियमाचे बोट सुटले नाही. पुढे जगभरातल्या शास्त्रज्ञांनी ज्यांचा सल्ला घेतला त्या बाईंच्या नावामागे डॉक्टर ही अक्षरे कधीच लागली नाहीत. स्वतः मणीबाईंनी या गोष्टीचा बाऊ केला नाही. आम्हाला मात्र तो नकार अन्यायाचाच वाटतो.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेल्या. मनात भौतिकशास्त्राचेच संशोधन होते, पण हाती आलेली शिष्यवृत्ती होती हवामानाच्या उपकरणांसाठी. ती त्यांनी घेतली.

१९४८ मध्ये त्या परतल्या तेव्हा देश स्वतंत्र झाला होता. त्या भारतीय हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयात रुजू झाल्या. जुने पुणेकर या कार्यालयाला शिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून तिथे आले होते. तोवर साधा तापमापक किंवा वायुभारमापकसुद्धा विलायतेहून मागवावा लागे. एस. पी. वेंकटेश्वरन हे उपकरण विभागाचे प्रमुख होते. पावसाचे, तापमानाचे, वाऱ्याचे, आर्द्रतेचे प्रत्येक यंत्र इथेच बनवायचे असा त्यांचा निर्धार होता आणि मणीबाई त्यात मनापासून सामील झाल्या. १९५३ मध्ये विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली. हाताखाली १२१ जण होते आणि ते सगळे पुरुष. त्या काळी कारखानावजा कार्यशाळेत एखादी बाई प्रमुख असणे ही पुण्यातसुद्धा चकित करणारीच गोष्ट होती!

इथे त्यांनी जे काम केले ते वरवर पाहता रुक्ष वाटेल. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करून घेतले. म्हणजे कोणत्या भागाचे माप किती, कोणता धातू, कोणता स्क्रू, सारे कागदावर पक्के. त्यामुळे काय साधले? समजा, पर्जन्यमापकाचे तोंड एका गावी थोडे मोठे आणि दुसऱ्या गावी थोडे लहान असेल, तर दोन्ही गावी सारखाच पाऊस पडूनही वहीत आकडे वेगळे येतील. मग कोणत्या गावी जास्त पाऊस झाला हे भांडण कधीच मिटणार नाही. सगळीकडे यंत्र एकसारखे असले, आणि ते एका मुख्य यंत्राशी ताडून पाहिलेले असले, तरच नागपूरच्या आकड्याची तुलना मद्रासच्या आकड्याशी करता येते. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्यांचे ठाम मत होते. कारण न मोजलेली जागा वहीत कोरी दिसते, तर चुकीचा आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होते. जगभरच्या देशांनी एकाच वेळी पृथ्वीची मोजणी करायचे ठरवले होते. मणीबाईंनी या निमित्ताने भारतात सूर्याची ऊर्जा मोजणाऱ्या ठाण्यांचे जाळे उभारले. पुणे, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही त्यातली प्रमुख ठाणी. उज्जैनची वेधशाळा आपल्या शाळेच्या सहलीत बहुतेकांनी पाहिली आहे. तिथे सूर्य कुठे आहे हे मोजतात. या ठाण्यांवर मोजायचे होते ते सूर्याकडून किती ऊर्जा येते ते.

त्यासाठीचे एक यंत्र मोठे गमतीचे आहे. स्वीडनच्या क्नुट अँगस्ट्रॉम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते तयार केले. त्यात काळ्या केलेल्या दोन सारख्या धातूच्या पट्ट्या असतात. एक उन्हात, दुसरी सावलीत. उन्हातली तापते. सावलीतल्या पट्टीतून वीज सोडून तीही तितकीच तापवायची. दोन्हींचे तापमान एक झाले की किती वीज लागली ते पाहायचे, तेवढीच ऊर्जा सूर्याने दिली. अशी यंत्रे एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी १९५९ पासून निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ साधारण दर पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या डाव्होस या गावी आपापली यंत्रे घेऊन जमत आले आहेत. सारी यंत्रे एका ओळीत मांडून एकाच सूर्याकडे रोखतात. आम्हाला हे दृश्य एखाद्या जत्रेसारखे वाटते!

आता एरोसॉलकडे येऊ. सूर्याची ऊर्जा रोज मोजू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. आकाश निरभ्र असले तरी सगळे दिवस सारखे नसतात. पाऊस होऊन गेल्यावर ऊन लख्ख पडते, तर वैशाखात धूळ उडाली की ढग नसतानाही ते फिकट दिसते. वातावरण नसते तर किती ऊन पोचले असते हे ठाऊक असले, आणि त्यातून शुद्ध हवा, ओझोन व बाष्प यांनी अडवलेला भाग वजा केला, तर उरलेली तूट धूळ-धुराच्या खात्यावर पडते. क्नुट यांचे चिरंजीव अँडर्स अँगस्ट्रॉम यांनी १९२९ मध्ये या तुटीचे गणित बसवले. हा हवेचा गढूळपणा म्हणायचा. मणीबाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह भारतातल्या ठाण्यांच्या नोंदींवरून तो काढला, आणि तो अभ्यास १९६९ मध्ये टेलस या स्वीडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतावरची हवा किती गढूळ आहे याचा हिशोब असा उपग्रहांच्या पुष्कळ आधी, जमिनीवरून मांडला गेला होता. पुढे हवामान खात्याने देशात दहा ठिकाणी हवेच्या गढूळपणाची नियमित नोंद सुरू केली. त्यात पुणे आणि नागपूरही आहेत.

मणीबाईंचे दुसरे मोठे काम ओझोनचे. फुग्याबरोबर आकाशात सोडायचे ओझोन मोजण्याचे यंत्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात भारतातच तयार केले. वर जाताना हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुड्यांनी सोडली जाते. हवेत ओझोन असेल त्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते, वीज वाहते आणि तिचा आकडा रेडिओने खाली येतो. असे यंत्र स्वतः बनवणारे देश त्या वेळी अगदी थोडे होते. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावरही त्यांनी काम केले. याच काळात थुंबा येथे अग्निबाण सोडण्याचे केंद्र उभे राहिले (तिथून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सुटला) आणि तिथली हवामानाची वेधशाळा व उपकरणांचा मनोरा मणीबाईंनी उभारून दिला.

ओझोनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जरी ती भारतातली नाही. जमिनीवरच्या आकड्याची किंमत हिच्याइतकी दुसऱ्या कशानेच कळत नाही. दक्षिण ध्रुवखंडावर हॅली नावाचे ब्रिटिश ठाणे आहे. तेही त्याच भूभौतिकी वर्षासाठी उभारलेले. तिथले डॉब्सन यंत्र वर्षानुवर्षे ओझोन मोजत होते. १९८० च्या सुमारास ऑक्टोबर महिन्यातले आकडे घसरू लागले. प्रमुख जोसेफ फारमन यांना वाटले, यंत्र म्हातारे झाले असेल. त्यांनी दुसरे यंत्र पाठवून ताडून पाहिले, तेही तेच सांगत होते. मग मे १९८५ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी ही गोष्ट जाहीर केली. ओझोनचा थर ऑक्टोबरमध्ये पूर्वीच्या सुमारे तीनशे एककांवरून दोनशेपर्यंत खाली आला होता.

मग १९७८ मध्ये सोडलेला अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह काय करत होता? त्यालाही घसरण दिसली होती. पण १८० च्या खालचे आकडे संशयास्पद म्हणून बाजूला काढण्याची संगणकात सोय होती. शास्त्रज्ञांनी ते बाजूचे आकडे पाहिले आणि शहाणपणाने जमिनीवरच्या एका यंत्राशी ताडले. ते यंत्र दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन ठाण्यावरचे होते, आणि ते तीनशेच्या आसपास दाखवत होते. दुर्दैवाने चूक त्या जमिनीवरच्या यंत्राच्या आकड्यांत होती! त्यामुळे खरे सांगणारा उपग्रह संशयात राहिला आणि निष्कर्ष लांबला. मणीबाई पुण्यात ज्या चुकीच्या आकड्याला इतक्या जपत होत्या तो हाच. साक्षीदारच खोटा निघाला तर खरे बोलणाऱ्याची पंचाईत होते.

१९६९ मध्ये मणीबाई दिल्लीला गेल्या आणि १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. निवृत्ती नावापुरतीच. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत बसून त्यांनी देशभरच्या सूर्यऊर्जेच्या नोंदी दोन जाडजूड ग्रंथांत आणल्या. ते १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सौरऊर्जेची उपकरणे आखणारे अभियंते त्यांचा आधार घेऊ लागले. १९८३ मध्ये डी. ए. मूळे यांच्यासह वाऱ्याच्या आकड्यांचा ग्रंथ आला. देवासजवळच्या टेकड्यांवर तुम्ही पवनचक्क्या पाहता. अशी चक्की कुठे उभारावी हे ठरवण्याआधी तिथला वारा वर्ष-वर्ष मोजावा लागतो, आणि देशात या मोजणीचा पाया घालणाऱ्यांत मणीबाई अग्रभागी होत्या. वारा आणि ऊन मोजणारी यंत्रे बनवण्याचा एक छोटा कारखानाही त्यांनी बंगळुरात काढला. १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे के. आर. रामनाथन पदक त्यांना मिळाले. त्यांनी लग्न केले नाही. निसर्ग, पुस्तके आणि संगीत यांची त्यांना आवड होती. १९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर त्या अंथरुणालाच खिळल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या दिवसांतच उपग्रहाचे एरोसॉल मोजण्याचे काम जोरात सुरू झाले होते. डिसेंबर १९९९ मध्ये सुटलेल्या टेरा आणि मे २००२ मध्ये सुटलेल्या ॲक्वा या उपग्रहांवर मोडिस नावाचे यंत्र बसवले होते. त्याची अडचण अशी की वरून पाहताना जमिनीवरून परतलेला प्रकाश आणि धुरक्यावरून परतलेला प्रकाश एकत्रच येतो. खाली गर्द जंगल असले तर जमीन काळसर दिसते आणि वरचे धुरके उठून दिसते. खाली उजळ, कोरडी माती असली तर कोणता प्रकाश कोणाचा हे ओळखणे कठीण. पांढऱ्या भिंतीवर खडूची रेघ शोधण्यासारखेच ते.

जमिनीवरच्या सन फोटोमीटरला ही अडचण नाही. तो थेट सूर्याकडे पाहतो आणि किती प्रकाश कमी पडला ते सांगतो. त्याचा आकडा १ आला, तर माथ्यावरच्या सूर्याच्या थेट प्रकाशापैकी फक्त शेकडा ३७ भाग धुरक्यातून पार झाला असे समजायचे. म्हणून शास्त्रज्ञ काय करतात? ठाण्याभोवतीच्या सुमारे ५० किलोमीटर लांब-रुंद चौकोनातले उपग्रहाचे आकडे घेऊन त्यांची सरासरी काढतात, आणि उपग्रह माथ्यावरून गेला त्याच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत सन फोटोमीटरने काय दाखवले त्याच्याशी ती ताडतात.

कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून असे यंत्र बसले. सुरुवातीच्या वर्षांतली तुलना झाली तेव्हा आढळले की धुळीच्या मोसमात मोडिस खऱ्यापेक्षा जास्त आकडा देत होता आणि एरवी कमी. मोसमानुसार उलटसुलट होणारी ही चूक वरून कधीच दिसली नसती. अशा तुलनांवरून उपग्रहाचे गणित पुन्हा-पुन्हा दुरुस्त करण्यात आले.

पुण्यात शिमला ऑफिसपासून काही किलोमीटरवर, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, २००४ मध्ये असेच एक यंत्र बसवले गेले. एका लहान खांबावर बसून ते दिवसभर सूर्याच्या दिशेने आपली मान वळवते. ठराविक काळाने तेही खाली उतरवावे लागते. मग त्याला एका मुख्य यंत्राशेजारी ठेवून दोघांचे आकडे ताडतात. आणि त्या मुख्य यंत्राची तपासणी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवरच्या स्वच्छ हवेत, सकाळच्या कोवळ्या उन्हात केली जाते.